फाळक्यावरची थाप

१

ट्रक मागे घेताना आरशात बघावं, असं गाडी शिकवणारे सांगतात. जंगलातल्या ड्रायव्हरला कुणी हे सांगून बघावं, तो पोट धरून हसेल. सागाचे ओंडके भरून कूपातून, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या जागेतून, निघालेल्या गाडीच्या आरशात ओंडक्यांशिवाय काय दिसणार? म्हणून मागे एक माणूस उभा राहतो आणि फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या लाकडी दारावर, तळहाताने थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे येऊ दे. हे एकदा अंगात भिनलं की थाप कानावर पडते आणि पाय हलतो. मध्ये डोकं येत नाही.

अहेरीचा डिझेल मिस्त्री जलालुद्दीन आयुष्यभर असाच गाड्या मागे घेत आला होता, आणि त्याला थाप मारणारा हात एकच होता, धाकट्या भावाचा, अकरमचा. अकरम लहानपणी तापात बहिरा झाला आणि त्याचं बोलणंही तिथंच राहून गेलं. मग बोलायचं सगळं काम त्याने हातांवर सोपवलं. पुढे उजव्या हाताची करंगळी इंजिनाच्या पंख्याने खाल्ली, त्यामुळे त्याची थाप जराशी बसकी वाजायची. आठवडी बाजाराच्या गलक्यात चार गाड्या एकदम मागे येत असल्या तरी जलालुद्दीनला ती बसकी थाप बरोबर ओळखू यायची.

गॅरेजच्या मागेच घर होतं. भूक लागली की अकरम घराच्या दारावर दोन थापा मारायचा. जलालुद्दीनची बायको साबिरा आतून ओरडायची, "आली गाडी मागं! ताट वाढून राह्यली, थांब जरा!" तिचं ओरडणं त्याला ऐकू येत नसे, पण दार उघडल्यावर तिचं हसू दिसे आणि तोही खिदळत आत शिरे. तिशी उलटलेला, दांडगा, मिशीवाला गडी, पण त्या घरात तो पोरच होता. जलालुद्दीन-साबिराला मूल झालं नाही, त्याचं दुःखही अकरमने फारसं होऊ दिलं नाही.

आई मरताना म्हणाली होती, "याचे कान तू हायेस." जलालुद्दीनने ते शब्द गाठीला बांधून ठेवले होते. जगात त्याला एकच धास्ती होती, की आपण आधी गेलो तर याचं कोण ऐकणार. उलटं काही घडेल, हे त्याच्या मनाला कधी शिवलंही नव्हतं.

२

धान निसवायला लागलं होतं त्या दिवसांत मुखरू गॅरेजवर आला. अहेरीपासून आत, जंगलाला लागून असलेल्या खेड्यातला हा शेतकरी. त्याचा भाचा निकेश वडशात झाडीपट्टीची नाटक कंपनी चालवत होता. यंदा स्टेजचं सामान न्यायला त्याला मामाकडचा जुना मिलिटरीचा ट्रक हवा होता. गावात शिरला की लोकांनी मान वळवून पाहिलं पाहिजे, अशी त्याची हौस.

"गाडा मजबूत आहे, जलालभाऊ," मुखरू म्हणाला. "बापानं लिलावातून आनला होता. लय वर्सं बांबू वाह्यला. आता मोहाखाली उभा आहे."

"कायनं बंद पडला?"

"बंद नाई पडला. चालताच होता. बापानं एक दिवस आनून उभा केला अन् चाबी विहिरीत टाकली."

"काऊन गा?"

"आमी इचारलं. त्यानं सांगतलं नाई." मुखरूने तंबाखू चोळली. "आता बाप नाई. गाडा सडून कायले ठेवाचा?"

जलालुद्दीनला हे कारण पटलं. म्हाताऱ्या माणसांचे राग त्याने पुष्कळ पाहिले होते. रेडिओ विहिरीत टाकणारे पाहिले होते, सुनेची शिलाई मशीन टाकणारा एक पाहिला होता. चावीचं काय मोठंसं?

ट्रक मोहाच्या झाडाखाली गवतात रुतून उभा होता. रंग कधीचा उडालेला, पण पत्र्याच्या घड्यांमध्ये मूळचा मिलिटरीचा हिरवा शिल्लक होता. हौद्यात दोन्ही बाजूंना जवानांना बसायची लाकडी बाकं. बॉनेटखाली उंदरांची घरं, टाकीतल्या डिझेलचा डांबरासारखा गाळ, इंजिन जाम. अकरमने बंपरवर पाय ठेवून सगळीकडे नजर फिरवली आणि भावाकडे पाहून मिशीवर ताव दिला. होईल, असा त्याचा अर्थ.

जलालुद्दीन हौद्यात चढला. पायाखाली वर्षानुवर्षांचा पाचोळा, बाकांवर बोटभर धूळ, फळ्यांवर शेवाळ. आणि फाळक्यावर, उजव्या कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढी एक जागा स्वच्छ होती. नुसती स्वच्छ नव्हे, चकाकत होती. घरातला उखळाचा दांडा जसा हातांनी गुळगुळीत होतो तशी. थापा मारून लाकूड झिजतं हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बऱ्याच गाड्यांवर अशी जागा होती. पण ती बाहेरून. ही आतून होती. आणि हिच्यावर धूळ नव्हती.

जवान आतून ठोकत असतील, असं म्हणून तो खाली उतरला. धुळीचा विचार त्याने त्या दिवशी केला नाही.

ट्रक ट्रॅक्टरने ओढून अहेरीला आणायचा ठरला. ब्रेकमध्ये तेल घालून ते जेमतेम धरतील एवढे केले. जलालुद्दीन ट्रकच्या स्टेअरिंगवर बसला, अकरम ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मागे तोंड करून, म्हणजे दोघांना एकमेकांचे हात दिसावेत. नाल्याच्या उतारावर वरात सावकाश चालली होती. भर दुपार होती, सागाची मोठमोठी पानंही हलत नव्हती.

मागून थाप आली. एक.

जलालुद्दीनचा पाय ब्रेकवर गेला. साखळी ताणली, ट्रॅक्टरला हिसका बसला, ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुखरूने वळून शिवी हासडली. जलालुद्दीन खिडकीतून डोकं काढून मागे पाहायला लागला, आणि मग त्याने मान पुढे केली. अकरम समोर मडगार्डवर बसला होता. भुवया उंचावून, हातवारे करून विचारत होता, काय झालं?

हौद्यात कोणी नव्हतं.

३

फळी ढिली असेल. जलालुद्दीनने गॅरेजमध्ये ट्रक आल्याबरोबर पहिलं काम केलं ते फाळक्याचे सगळे बोल्ट आवळायचं. मिस्त्रीचं मन असंच असतं. आवाज आला म्हणजे काहीतरी ढिलं आहे, ढिलं आहे ते आवळता येतं.

मग दोघे भाऊ कामाला लागले. नोझल काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सिलिंडरमध्ये सोडलं आणि मुरू दिलं. टाकी उतरवून खडे घालून खळखळून धुतली. पंप उघडला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, कमानीचे पाटे घासून काढले. अकरम इंजिनावर तळहात ठेवून डोळे मिटून उभा राहायचा, आणि लोखंडी पहारीने फ्लायव्हील रेटताना कुठे अडतं ते बोटाने दाखवायचा. एका सकाळी इंजिन जरासं हललं तेव्हा त्याने भावाला कवेत घेऊन जमिनीवरून उचललं. साबिरा म्हणाली, "कंबर मोडन त्याची, मंग दोघायले मीच चारत बसू!"

थापा मात्र येत होत्या. उभ्या ट्रकमधून, कधी सकाळी, कधी दुपारी. जलालुद्दीन बॉनेटमध्ये वाकलेला असायचा आणि मागून यायच्या. दोन. येऊ दे, येऊ दे. उन्हाने लाकूड तडकतं, तो स्वतःला सांगायचा. मग ढगाळ दिवशीही आल्या. तेव्हा त्याला वाटलं, हा अकरमच. चेष्टा करायची खोड त्याला होतीच. एकदा तो थाप ऐकून तरातरा मागे गेला, तर अकरम गाडीखाली उताणा पडून ग्रीस भरत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. फाळक्यावर ग्रीसचा ठिपका नव्हता.

आणि एक गोष्ट त्याने साबिरालाही सांगितली नाही. ती थाप बसकी नव्हती. पाचही बोटांची होती.

त्याने फाळक्याची ती फळी काढून चुलीत घातली आणि नवी सागवानी फळी बसवली. वरून हिरवा रंग दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नव्या फळीवर, आतल्या बाजूने, पंजाएवढा रंग निघालेला होता. रंग ओला असताना कोणी हात लावला असेल, असं तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. समोर तर कोणीच नव्हतं.

त्याच दुपारी अकरम फाळका पुसत होता. बाहेरून, हातात फडकं घेऊन. डावा पंजा फळीवर टेकवलेला. जलालुद्दीन शेजारीच बाजेवर चहा पीत होता. आतून एक थाप वाजली. जलालुद्दीनने ती ऐकली. अकरमला ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण त्याच क्षणी त्याने हात झटकन मागे घेतला, विस्तवाला लागल्यासारखा. तो आपल्या तळव्याकडे बघत राहिला. मग भावाकडे वळला आणि दोन्ही हात समोर धरून त्याने खूण केली: एक पंजा या बाजूला, एक पंजा त्या बाजूला, मध्ये फळी. हाताला हात.

मग त्याने हात हलवून, डोळे मोठे करून सांगितलं की ही गाडी परत करू. दोनदा सांगितलं.

जलालुद्दीनला त्याचं ऐकावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण इंजिन सुटायच्या बेतात होतं, आणि त्याच्या आवारातून गाडी मुकी परत गेली असं आजवर कधी झालं नव्हतं. हट्ट म्हणा, गर्व म्हणा. त्याने अकरमच्या डोक्यावर टपली मारली आणि हसण्यावारी नेलं. आईने त्याला कान म्हटलं होतं, आणि भावाने पहिल्यांदाच काही जिवाच्या आकांताने सांगितलं तेव्हा त्या कानांनी ऐकलं नाही.

४

इंजिन सुरू झालं ते एका शुक्रवारी, नमाजनंतर. आधी खोकल्यासारखा काळा धूर, मग पांढरा, मग एक घरघर आणि शेवटी सगळं आवार हादरवणारा दणदणीत ठेका. शेजारपाजारचे धावत आले. अकरमने भीती विसरून दोन्ही हात बॉनेटवर पसरले आणि गाल टेकवला. त्याला तो ठेका अंगात ऐकू येत होता. साबिराने सगळ्यांना गूळ वाटला.

"घे, जराशी मागं-पुढं करून पाहू," जलालुद्दीन म्हणाला आणि हातानेही तेच सांगितलं. अकरम मागे गेला.

दोन थापा आल्या. जलालुद्दीनने गिअर टाकला. पुन्हा दोन. येऊ दे. तो खुशीत होता, पाच बोटं की चार हे बघायची शुद्ध कुणाला होती? ट्रक आज्ञाधारकपणे मागे सरकला, आणि मागच्या चाकाखालून आवाज आला तो बकरीचा. एकच, अर्धा.

साबिराची दुभती बकरी कडुलिंबाला बांधली होती. अकरम ट्रकच्या डाव्या बाजूला, बराच लांब, चाकाखाली लावायचा लाकडी गुटका हातात घेऊन उभा होता. तो नुकताच गुटका आणायला गेला होता. त्याने थाप मारलीच नव्हती. तो मान हलवत राहिला, नाही, नाही, नाही, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बकरीला रोज पाला तोच घालायचा.

साबिराने बकरीवर पोतं टाकलं. "अजी, आज बकरी आहे," ती म्हणाली. "अल्लाची मेहरबानी समजा. देऊन टाका तो गाडा त्यायचा त्यायले, ओढून न्या म्हना."

"झाला आता तयार. चालवतच नेऊन देतो. दिला की सुटलो."

"अन् मागं कोण थाप मारन?"

"कोनीच नाई. थापच बंद."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जलालुद्दीनने अकरमला समोर बसवलं आणि शहाण्यासारखा नवा कायदा शिकवला. या गाडीला थाप मारायची नाही. मी थाप ऐकणार नाही, कितीही वाजली तरी. तू उजव्या बाजूला, आरशात दिसशील असा उभा राहा, हातात लाल फडकं घे. फडकं हाललं की येतो, खाली गेलं की थांबतो. फक्त डोळे. कान नाही.

अकरमने समजल्याची खूण करून दाखवली. हवेत थाप मारली आणि दुसऱ्या हाताने ती कापून टाकली. मग डोळ्यांकडे बोट केलं. तो हसला, बऱ्याच दिवसांनी. जलालुद्दीनला आपल्या अकलेचं कौतुक वाटलं. जे काही होतं ते हौद्यात बसून थापा मारत राहील, म्हणावं, मार. आता ऐकतोय कोण?

५

मुखरूच्या अंगणात त्या दिवशी जत्रेसारखी गर्दी होती. धान निघालं होतं, खळ्यावर तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग लागले होते. निकेश वडशाहून आपले वाजवणारे घेऊन आला होता. गाडा गावात वाजतगाजत शिरला पाहिजे, हा त्याचाच आग्रह. झेंडूच्या माळा बॉनेटवर चढल्या. सोनीबाई, मुखरूची म्हातारी आई, तेवढी ओसरीवरून उठली नाही. ट्रक दिसल्यावर तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

"मामाच्या गोठ्याच्या भिंतीले लावून उभा करा," निकेश ओरडला. "उद्या सामान भरू!"

ट्रक मागे घ्यायचा होता. अकरम उतरला, उजव्या आरशात येऊन उभा राहिला आणि लाल फडकं दाखवून हसला. जलालुद्दीनने मान डोलावली. इंजिनाचा ठेका, त्यावर ढोलकी, झांजा, पोरांचा कालवा.

फडकं हाललं. तो मागे निघाला.

लगेच थापा सुरू झाल्या. दोन, दोन, दोन. "मार लेका," जलालुद्दीन दातओठ खात पुटपुटला. त्याचे डोळे आरशावर होते आणि आरशात अकरम होता, फडकं हलवत होता. थापा थांबल्या. जलालुद्दीनला हसू आलं. जिंकलो, असं त्याला वाटलं.

मग अकरमने मान वळवली. फाळक्याच्या दिशेने. दोन पावलं तिकडे सरकला आणि हौद्याच्या कडेमागे दिसेनासा झाला. जलालुद्दीनने पाय आवरला. पण लगेच कडेमागून उजवा हात बाहेर आला, कोपरापासून पुढे फक्त हात, आणि हातात लाल फडकं. हालत होतं. ये, ये.

मागची जागा पाहायला गेला असेल. तो पुन्हा निघाला.

एक थाप आली.

थांब.

जलालुद्दीनच्या पायाचा अंगठा ब्रेककडे गेला आणि त्याने तो मागे ओढला. आरशात फडकं हालतच होतं. पुन्हा एक थाप. मग पुन्हा. घाईघाईने, वेड्यासारखी, पण दरवेळी एकच. आणि ती बसकी होती. चार बोटांची. वर्षानुवर्षं ऐकलेली.

पण माणसाचं डोकं फार दुष्ट असतं. ते म्हणालं, शिकला बघ. अकरमची थाप शिकला. मला फसवायला.

त्याने आरशातलं फडकं पाहिलं आणि गाडी येऊ दिली.

मागचं चाक जरासं वर उचललं गेलं, धानाच्या पोत्यावर चढतं तसं, आणि मऊपणे खाली आलं. थाप थांबली. आरशातला हात अजून हालत होता, आता सावकाश, दमल्यासारखा. दुपारचं ऊन त्याच्यावर स्वच्छ पडलं होतं. फडकं धरलेली बोटं जलालुद्दीनला दिसली. अंगठा, तीन बोटं आणि करंगळी.

करंगळी होती.

मग तो हात कडेमागे गेला, आणि ढोलकी बंद पडली.

६

अकरमच्या मातीला सगळी अहेरी आली होती. दोष कुणी दिला नाही. तणसावर पाय घसरला, असं सगळे म्हणत राहिले. गोठ्याची भिंत मागे, चाक पुढे. आवाज करायला तोंड नाही. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं.

मुखरू एकदा येऊन बसला होता.

"जलालभाऊ, मी बाजूलेच होतो," तो म्हणाला. "तुमच्या भावाले कोनी हाक मारल्यावानी वाटलं. तसा वळला. बह्यरा मानूस, बाप्पा! मी म्हटलं, यानं काय आयकलं? मंग तो घसरला, पाय अटकला, अन् हातानं फाळका ठोकू लागला. एक एक थाप. आमी सारे बोंबलून राह्यलो, बाजात कोनाले आयकू येते! तुमी थांबलेच नाई."

"फडकं," जलालुद्दीन म्हणाला. "फडकं कोनाच्या हातात होतं?"

मुखरूने मान हलवली. "फडकं त कवाचं खाली पडलं होतं, भाऊ."

ट्रक निकेशने नेला नाही. तो पुन्हा मोहाखाली उभा आहे, आणि जलालुद्दीनने नवी बनवून घेतलेली चावी स्वतःच्या हाताने त्याच विहिरीत टाकली. गॅरेज उघडं असतं, पण आता तो दुसऱ्यांच्या गाड्या मागे घेत नाही. कुठे थाप वाजली की त्याच्या हातातला पाना गळून पडतो.

हे इथंच संपलं असतं तर जलालुद्दीन रडून मोकळा झाला असता. अकरमचा चाळिसावा दिवस झाला त्या संध्याकाळी तो आणि साबिरा जेवायला बसले होते. सवयीने तिने तिसरं ताट मांडलं होतं आणि ते उचलायचा धीर दोघांनाही होत नव्हता. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. दोन.

साबिराचा घास हातातच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती, आशा होती, आणि ती बघवत नव्हती.

"अकरमच आहे जी," ती म्हणाली. "बसकी आहे. मी वळखते. भुकेला असन."

जलालुद्दीन उठला. ती थाप बसकी होती, यात शंका नव्हती. पण बसकी थाप कशी मारायची हे आता कुणाकुणाला येतं, हे साबिराला काय माहीत? मग त्याला आठवलं की मागच्या वेळीही त्याने हाच विचार केला होता, आणि तेव्हा फाळक्यामागे खरोखर अकरम होता. त्याला एकदम हुंदका आला. त्याने पुढे होऊन कडीवर हात ठेवला.

बाहेरून तिसरी थाप आली. ही खालून, उंबऱ्यापाशी, जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोचेल तिथून. एकच. आणि हीदेखील बसकी.

थांब.

"उघडा ना," मागून साबिरा रडत म्हणाली. "कायची वाट पाहून राह्यले?"

त्याने कडी उघडली नाही, आणि कडीवरचा हात काढलाही नाही. तेव्हापासून रोज दिवेलागणीला हेच चालतं. वर दोन थापा पडतात, खाली एक. दारापलीकडे त्याचा भाऊ आहे, एवढं जलालुद्दीनला कळतं. कुठली थाप त्याची, हे त्या कानांना कळत नाही. तो कडीला हात लावून उभा राहतो, साबिरा दुसऱ्या खोलीत जाऊन बसते, आणि तिसऱ्या ताटातलं अन्न निवून जातं.